कारवान आजारी पडलं तर

शेळ्यांच्या आजारांवर बोलणं झालं, त्यानंतर बऱ्याच जणींनी एकच प्रश्न विचारला. शेळीचं सांगितलंत, म्हशीचं सांगितलंत, पण आमच्या दारातल्या कारवानाचं काय? ते आजारी पडलं की मालक म्हणतात बघू दोन दिवस, आणि दोन दिवसांनी बघायला काही उरत नाही. म्हणून आजचा वेळ सगळा कारवानासाठी.

आपल्या जयसिंगपूर, शिरोळ, मिरज भागात आणि पलीकडं जत, विजापूर, मुधोळपर्यंत ही लांब पायांची, बारीक कमरेची, निमुळत्या तोंडाची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपण त्यांना कारवान म्हणतो. कान, शेपटी, पायावर रेशमासारखे लांब केस असले की पश्मी म्हणतो. कर्नाटकात गेलं की तेच मुधोळ हाऊंड होतं, कारण मुधोळच्या घोरपडे राजांनी ही कुत्री नावारूपाला आणली. भारताच्या टपाल खात्यानं 2005 साली देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. विलायतेत ज्याला ग्रेहाऊंड म्हणतात, ते याच कुळीतलं. नजरेनं सावज हेरायचं आणि वाऱ्यासारखं धावायचं, हा या कुळीचा गुण. आता सशाची शिकार कायद्यानं बंद आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं. तरी कारवान दारात राहिलंच. ऊसाच्या वस्तीवर राखणीला आहे, शेरडांमागं आहे, आणि पोरांच्या अंथरुणातही आहे.

ही कुळी ध्यानात ठेवायची, कारण आजारपणात हिचं सगळं जरा वेगळं असतं. पहिली अडचण अशी की या कुत्र्याचं दुखणं दिसतच नाही. साधं गावठी कुत्रं रोडावलं की शेजारीणसुद्धा सांगते, अगं याला काय झालंय. कारवान मुळातच बारीक. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं ही त्याची तब्येत आहे. ते भुंकतं कमी, दिवसाचा बराच वेळ पाय पसरून झोपून काढतं. मग ते खरोखर रोडावलं, गप्प झालं, झोपून राहिलं, तरी घरच्यांना वाटतं, असंच असतंय की हे. बरगड्यांवर जाऊ नका. मांडी बघा. निरोगी कारवानाची मागची मांडी घट्ट, भरलेली असते. ती सैल पडली, पाठीच्या कण्याचे मणके हाताला खडे लागल्यासारखे लागू लागले, डोळ्यांच्या वर कपाळाला खळगे पडले, की शरीर झिजतंय.

दुसरं बघायचं ते हिरड्या. ओठ वर करून हिरडी बोटानं दाबायची आणि सोडायची. पांढरी झालेली जागा एक-दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. हिरडी मुळातच पांढरीफटक असेल, किंवा पिवळी असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. बाजाराचा दिवस आहे, टोळी आली आहे, ही कारणं चालत नाहीत. घरात एक थर्मामीटर फक्त कुत्र्यासाठी ठेवा. शेपटीखाली, जरासं तेल लावून, मिनिटभर. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, म्हणजे आपला ताप तो त्याचा नेहमीचा. 103 च्या वर गेलं की ताप समजायचा. नाक गार-गरम बघून ताप कळत नाही.

आता मोठा आजार. आपल्याकडं प्रौढ कारवानाला सगळ्यात जास्त घेऊन जातो तो गोचीड ताप. गोचीड रक्त पिता पिता अंगात जंतू सोडते. ते जंतू दोन जातींचे असतात. एक तांबड्या पेशी फोडतो, त्यानं लघवी लाल किंवा चहाच्या रंगाची होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी कावीळ दिसते. दुसरा पांढऱ्या पेशींत शिरतो आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी करतो. त्यानं कुत्र्याचा घोळणा फुटतो, पोटावर लाल ठिपके उठतात. आपल्याकडं घोळणा फुटला की उष्णता झाली म्हणतात, आणि कुणी कांद्याचा रस पाजतं. मैत्रिणींनो, कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. आधीच रक्त कमी झालेल्या जिवाला आपण प्रेमानं आणखी घायाळ करतो.

यावर औषध आहे, चांगलं आहे, आणि वेळेवर मिळालं तर कुत्रं उठून उभं राहतं. पण इथं दोन गोष्टींत घात होतो. पहिली म्हणजे गाईला दिलेल्या बाटलीतलं उरलेलं इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला टोचणं. गुरांच्या गोचीड तापावरचं एक औषध कुत्र्यातही वापरतात, पण कुत्र्यात त्याचं प्रमाण फार नाजूक आहे. जरा जास्त झालं की मेंदूवर जातं, कुत्रं लटपटतं, झटके येतात. म्हणून आधी वजन. दूध डेअरीच्या किंवा भुसार दुकानाच्या काट्यावर आधी आपण एकटं उभं राहायचं, मग कुत्र्याला उचलून. वजाबाकी केली की झालं. कारवान 20 ते 28 किलोच्या दरम्यान भरतं. उंचीवर जाऊन कुणी 40 किलो धरलं तर डोस दीडपट-दुप्पट झाला म्हणून समजा.

दुसरी म्हणजे गोळ्या मध्येच सोडणं. पेशीत लपणाऱ्या जंतूवर डॉक्टर जी डॉक्सीसायक्लीनची गोळी देतात, ती साधारण चार आठवडे चालते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रं भाकरी खायला लागतं, आणि आपण म्हणतो, झालं बरं. उरलेली पट्टी फडताळात जाते. जंतू मात्र अंगात दबून बसतो आणि काही महिन्यांनी परत येतो, तो हाडातल्या रक्त तयार करणाऱ्या मगजावर. तेव्हाचा आजार फार अवघड. ही गोळी कोरडी घशात टाकू नका, घशाला जखम होते. घासात द्या, वर पाणी पाजा, पण दुधात नको, दुधानं तिचा गुण कमी होतो.

आणि गोचीड काढायची कुठून? कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त गोचिडा भिंतीच्या भेगांत, दगडांच्या सांध्यांत, पोत्याखाली असतात. कुत्र्याची गोचीड पोट भरलं की उतरते, भिंतीवर चढते आणि फटीत अंडी घालते. त्यामुळं नुसतं कुत्रं साफ करून भागत नाही. ते झोपतं ती जागा, तिथल्या भेगा लिंपून घ्या, पोती उन्हात टाका. गोचीड बोटांनी चिरडू नका, चिमट्यानं ओढून साबणाच्या पाण्यात टाका. गोठ्यात फवारायचं औषध मात्र कारवानाच्या अंगावर ओतू नका. कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, केस आखूड. विषबाधा लवकर होते. कुत्र्यासाठी वेगळं औषध मिळतं, मानेवर थेंब टाकायचं किंवा खायची गोळी.

लाल लघवीचं आणखी एक कारण या कुळीत आढळतं, ते सांगून ठेवते. बरेच दिवस बांधून ठेवलेलं कुत्रं एकदम उन्हात जिवाच्या आकांतानं धावलं, की स्नायू आतून फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. कुत्रं ताठरतं, मागचे पाय टाकायला बघत नाही. हे मूत्रपिंडावर जातं. डॉक्टरांना खरं सांगा, कुठं धावलं, किती धावलं. शेतात ससा उठला आणि कुत्रं मागं लागलं, हे सांगायला लोक भितात, म्हणून गोचीड ताप समजून उपचार होतो. उन्हानं धाप लागून कुत्रं कोसळलं असेल तर सावलीत घ्या, साधं पाणी अंगभर ओता, वारा घाला आणि तसंच ओलं दवाखान्यात न्या.

दवाखान्यात गेल्यावर एक वाक्य आठवणीनं बोलायचं: डॉक्टरसाहेब, हे कारवान आहे, ग्रेहाऊंडच्या कुळीतलं. डॉक्टरांना माहीत असतंच, पण गर्दीत राहून जातं. ग्रेहाऊंडवर पुष्कळ अभ्यास झाला आहे. भूल देण्याचं थायोपेंटोन नावाचं जुनं औषध या कुत्र्यांच्या अंगातून फार हळू निघतं. इतर कुत्रं तासाभरात उठतं, तिथं हे कितीतरी तास झिंगत राहतं. आज दुसरी, सुरक्षित औषधं मिळतात. दुसरं रक्ताचं. साध्या कुत्र्यात रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा शंभरात 37 ते 55 धरतात. ग्रेहाऊंडमध्ये तो 50 च्या वर असतो, आणि गोठवणाऱ्या पेशी मुळात थोड्या कमी असतात. म्हणजे कागदावर 40 आलं तर तपासणारा म्हणेल ठीक आहे, पण या कुत्र्याचं रक्त तेव्हा बरंच उतरलेलं असू शकतं. जमलं तर कुत्रं धडधाकट असताना एकदा रक्त तपासून घ्या आणि तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. आजारपणात डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. परदेशात रक्त भरपूर म्हणून ग्रेहाऊंडचं रक्त दुसऱ्या आजारी कुत्र्यांना देतात. आपल्याकडंही मोठ्या दवाखान्यात कुत्र्याला कुत्र्याचं रक्त चढवतात.

मोठा दवाखाना म्हणजे कुठला? आधी आपला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. 1962 हा टोल फ्री नंबर मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, तरी तिथं विचारून जवळच्या डॉक्टरांचा पत्ता मिळू शकतो. सांगली, मिरज, कोल्हापुरात कुत्र्यांचे खासगी डॉक्टर आहेत. आणि प्रकरण फारच अवघड असेल तर पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

पैशाचं बोलू या, कारण खरं अडतं तिथं. एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी कुत्र्याच्या औषधासाठी अंतर्गत कर्ज मागितलं, तर निम्म्या जणी हसल्या. म्हशीला कर्ज, शेळीला कर्ज, कुत्र्याला कसलं कर्ज? ताईंनी विचारलं, वस्तीवर रात्री पाण्याची पाळी असते तेव्हा माझ्याबरोबर म्हैस येती का? कर्ज मंजूर झालं. मला वाटतं गटाच्या वहीत जनावरांच्या औषधपाण्यासाठी म्हणून जी रक्कम धरतो, त्यात कुत्रं यायला हरकत नसावी. पण डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा, एकूण किती लागेल, बरं होण्याची आशा किती. हे विचारण्यात कमीपणा नाही. चांगला डॉक्टर त्यावर चिडत नाही.

आता घरची शुश्रूषा, जी आपल्याच वाट्याला येते. कारवानाच्या अंगावर गादी नाही. फरशीवर पडून राहिलं तर कोपर, खुबा, खांद्यावर दोन दिवसांत जखमा होतात. जुनी गोधडी चारपदरी करा, खाली पोतं घाला. उठत नसेल तर दर तीन-चार तासांनी कूस बदला. बदलताना पायाला धरून ओढू नका, छातीखाली आणि कमरेखाली हात घाला, दोघी जणी असाल तर चादरीची झोळी करा. थंडी त्याला फार वाजते. रात्री पांघरूण हवंच. ओलं झालं की लगेच पुसा, लघवीनं पातळ कातडी सोलते.

खायला थोडं थोडं, चार-पाच वेळा. मऊ भात, उकडलेलं अंडं, कोंबडीचं पाणी, पण त्यात कांदा, मीठ, तिखट नको. नेहमीचं दूध-भाकरी आजारात पचेलच असं नाही, दुधानं कित्येकदा जुलाब वाढतात. खात नसेल तर अन्न जरा कोमट करा, वास येतो. पाणी पाजायचं तर सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं, थेंब थेंब. डोकं वर करून नरड्यात ओतलं तर फुप्फुसात जातं, आणि मग निमोनियानं मरतं. उलट्या चालू असतील तर तोंडानं काहीच न देता सलाईनला न्या.

माणसांच्या गोळ्यांचं एकदा ठणकावून सांगते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांतलं काहीही कुत्र्याला घरी द्यायचं नाही. पोटात रक्तस्राव होतो, यकृत, मूत्रपिंड जातं. अंगावर डाग देणं, तापलेली सळई लावणं, हेही अजून काही ठिकाणी चालतं. त्यानं आजार जात नाही, वर भाजल्याची जखम होते.

शुश्रूषा करणारीनं स्वतःला सांभाळायचं. महापुराचं पाणी 2019 ला आणि 2021 ला आपण बघितलं. पूर ओसरला की उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टो पसरतो. कुत्र्याला होतो, आणि कुत्र्याच्या लघवीतून आपल्यालाही होतो. डोळे पिवळे झालेल्या कुत्र्याची घाण काढताना हातमोजे घाला, पायात चप्पल असू द्या, गरोदर बाईनं हे काम करूच नये. आणि शांत कुत्रं अचानक चावरं झालं, लाळ गाळू लागलं, पाणी गिळता येईना, आवाज बदलला, तर तोंडात हात घालून काय अडकलंय बघायला जाऊ नका. ती पिसाळण्याची लक्षणं असू शकतात. लाळ जखमेला लागली किंवा दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. सगळे डोस पूर्ण करा. हळद, चुना, मिरची जखमेवर लावू नका. कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचली असेल तर ही भीतीच कमी होते.

गाठींबद्दल दोन शब्द. कुत्रीच्या किंवा कुत्र्याच्या मागच्या जागेतून रक्त गळतंय, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ दिसते, म्हणून कॅन्सर कॅन्सर करत लोक कुत्र्याला लांब सोडून येतात. ही जोडीतून पसरणारी गाठ असते, आणि आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. उपचार चालू असताना तिची लघवी हातमोज्यानं साफ करायची, एवढंच. उलट वय झालेल्या कारवानाचा पुढचा पाय खांद्याजवळ किंवा मनगटावर दुखतो, कडक सूज येते, लंगडणं जात नाही, तेव्हा तेल चोळत बसू नका. उंच, लांब हाडांच्या कुत्र्यांत हाडाचा कॅन्सर होतो. एक्स-रे काढा. तो बरा होणं अवघड, पण वेदना कमी करता येतात, आणि किती दिवस हातात आहेत ते कळतं.

आणि ते दिवस संपत आले हे कसं ओळखायचं? भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा. आज खाल्लं का, लघवीला स्वतः उठलं का, घरचं माणूस आलं तेव्हा शेपटी हलली का, रात्र कण्हण्यात गेली का. चांगल्या दिवसाला टिंब, वाईटाला फुली. आठवड्यात फुल्या जास्त दिसू लागल्या की डॉक्टरांशी शेवटचं बोलायची वेळ झाली. आपल्या घरात या गोष्टीला पाप म्हणणारी माणसं असतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण वेदनेवर औषध उरलेलं नसताना जिवाला तळमळत ठेवणं हे पुण्य आहे असं मला वाटत नाही. डॉक्टर आधी गुंगीचं औषध देतात, मग भुलीचा मोठा डोस. काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, एखादा खोल श्वास नंतर येतो, त्याला भिऊ नका, तेव्हा त्याला काही कळत नसतं. ज्याच्या हाताची सवय आहे त्यानं जवळ बसावं. विष घालणं, किंवा फडात, स्टँडवर सोडून येणं हा मात्र 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यानं गुन्हा आहे. पोरांना गावाला गेलं असं सांगू नका. ती वाट बघत बसतात.

पुरायचं तर विहीर, बोअर, ओढ्यापासून लांब, तीन-चार फूट खोल, वर चुना. आणि पिल्लू पार्वोनं गेलं असेल, म्हणजे रक्ताचे जुलाब आणि उलट्या होऊन, तर त्या जागेवर दुसरं पिल्लू लगेच आणू नका. तो विषाणू सावलीच्या मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो, फिनाईलनं मरत नाही. फरशी, भांडी ब्लीचच्या पाण्यानं धुवा, एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी. त्याचं अंथरूण जाळून टाका. नवं पिल्लू आणाल ते दीड-दोन महिन्यांपासून लसी सुरू झालेलं, आणि चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी टोचत नेलेलं असावं. तोवर त्याला रस्त्यावर, दुसऱ्या कुत्र्यांत सोडू नका.